गावासाठी पूर-तयारीचं सरकारी अनुदान: अर्ज कुठे करायचा आणि कोणाच्या नावाने?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. आमचा वाडा (गावातली वस्ती) गोव्यात, सत्तरीत, म्हादई नदीच्या काठाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या पंचायतीतले दोघेतिघे इथे वाचत असतात (वाचत असाल तर नमस्कार!).

23 जुलै 2021 चा पूर इथल्या सगळ्यांना आठवत असेल. पैकुळचा पूल वाहून गेला तो दिवस. तेव्हापासून जुलैत रेड अलर्ट आला की आमच्या वाड्यावर कोणी धड झोपत नाही. भरपाईच्या रांगा झाल्या, पंचनामे झाले. आता महिला मंडळाने ठरवलंय की पूर यायच्या आधीच काहीतरी करून ठेवायचं. आमची यादी: एक होडी, लाइफ जॅकेट, दोर, भोंगा, देवळाच्या सभामंडपाला दोन संडास आणि जनरेटर, शिवाय वाड्यामागचा व्हाळ (ओढा) रस्त्याखालच्या पाइपात तुंबतो तिथे मोठी मोरी.

यासाठी सरकारचे पैसे असतात असं सगळेच सांगतात, पण जिथे जावं तिथे दुसऱ्या कचेरीचं नाव मिळतं. अर्ज कुठे द्यायचा? मंडळाच्या नावाने की पंचायतीच्या? कोणी खरंच मिळवलंय का?

पेडण्याचो_पात्रांव

खात्रीचा मार्ग: निवडणुकीआधी तीन महिने पूर यायला हवा. नदीशी बोलून तारीख जुळवून घ्या.

उसगावची_बाई

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त व्हाळाचं नाव वेगळं.

निवृत्त_सचिव

ताई, पंचायत सचिव म्हणून नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'गावाची आपत्तीला तोंड देण्याची ताकद वाढवा' अशा नावाची एखादी खिडकी असेल आणि मंडळाने तिथे अर्ज टाकला की धनादेश येईल, असे नाही. पैसे आहेत, पण ते राज्याच्या निधीत असतात आणि जिल्हाधिकारी किंवा एखाद्या खात्यामार्फत खर्च होतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्याच्या कलम 48 मध्ये राज्याने प्रतिसादाचा निधी वेगळा आणि निवारणाचा निधी वेगळा ठेवावा असे म्हटले आहे. भरपाई मिळते ती पहिल्यातून. तुम्हाला हवे आहेत ते बरेचसे दुसऱ्यातले.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी वाटणी ठरवली: एकूण रकमेचे 80 टक्के प्रतिसाद निधीला, 20 टक्के निवारण निधीला. त्या 80 मधलेच 10 (एकूण रकमेचे 10 टक्के) पूर्वतयारी आणि प्रशिक्षण यांसाठी राखलेले. गोव्यासारख्या राज्याच्या बाबतीत केंद्राचे 75, राज्याचे 25. पुढचा काळ सोळाव्या आयोगाचा, तेव्हा अर्जात टक्केवारी लिहिण्याआधी चालू परिपत्रक पाहून घ्या.

आता महत्त्वाचे. निवारण निधी कशाला वापरायचा, हे आयोगाने लिहून ठेवले आहे: स्थानिक पातळीवरची, लोकसहभागाची, धोका कमी करणारी कामे. मोठे पूरबंधारे, किनाऱ्याच्या भिंती या निधीतून करायच्या नाहीत, त्या खात्यांच्या नेहमीच्या योजनांतून. म्हणजे तुमची मोरी आणि सभामंडप यात बसवता येण्यासारखे आहे. नदीला संरक्षक भिंत मागितलीत तर फाइल तिथल्या तिथे जलस्रोत खात्याकडे वळेल.

अर्ज पंचायतीच्या नावाने. ग्रामसभेचा ठराव, पंचायतीचे पत्र, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि संबंधित खात्याला. जिल्हा प्राधिकरणावर जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनाही प्रत द्या.

नदीकाठची

सचिवकाका, दंडवत! हे एवढं एका जागी कोणीच सांगितलं नव्हतं. पण पंचायतीने ठराव घेतलाच नाही तर?

कुळागरी

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. आमच्या लहानपणी मिरगाच्या आधी सगळा वाडा कोयते-फावडी घेऊन व्हाळात उतरायचा. गाळ काढायचे, कलंडलेले माड कापायचे. पेज एका घरची, भाजी दुसऱ्या घरची. कोणाकडे अर्ज केला होता? आता व्हाळात फ्रिजचं खोकं अडकलं तरी पंचाला फोन. सरकारी पैसा आला की गावाचे हात आखडतात. होडी आली तर दुसऱ्या पावसात तिच्यात कोंबड्या बसलेल्या दिसतील.

पेडण्याचो_पात्रांव

कोंबड्यांना तरी पुरातून वाचवलं म्हणायचं.

उसगावची_बाई

@कुळागरी, व्हाळ साफ करायला हात पुरतात, मान्य. पण रस्त्याखालचा पाइप बदलायला? रस्ता आपला नव्हे, तो खोदायची परवानगी लागते, एस्टिमेट लागतं. आणि पूर्वी व्हाळाच्या दोन्ही बाजूला शेत होतं, पाणी पसरायला जागा होती. आता भराव घालून बंगले झालेत. कोयत्याने बंगला कापता येत नाही.

कुळागरी

बंगल्याचं खरं आहे. भरावाला परवानगी कोणी दिली ते विचारा आधी. मग अनुदान मागा.

चोडणकार

सत्तरीचा धागा आहे, तरी खाजनाबद्दल (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेतजमिनीबद्दल) लिहितो, कारण आमच्याकडे हे कोडं जुनं आहे.

गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन आहे असं म्हणतात. भरतीचं खारं पाणी बांध अडवतो, आणि मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं भरतीला आपोआप बंद होतात, ओहोटीला उघडतात. ना वीज, ना ऑपरेटर. पूर अडवायची एवढी हुशार व्यवस्था आपल्याकडे शतकानुशतकं आहे आणि आपण भोंग्याचं एस्टिमेट मागतोय!

पैशांची सोयही त्यातच होती. मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) होते, ते पैसे बांधाच्या डागडुजीला. कुळांचा संघ, त्याची व्यवस्थापन समिती, वर मामलेदाराची देखरेख. 1964 चा कुळ कायदा आणि त्याखालचे 1975 चे संयुक्त जबाबदारीचे नियम. बांध फुटला तर कृषी खात्याच्या मृद संधारण विभागाकडे जायचं. म्हणजे आमच्यासाठी दार ठरलेलं आहे, तुमच्यासारखी शोधाशोध नाही.

तरीही बांध फुटतात. का? अर्ध्या कुळांनी शेत सोडलं. सभेला कोरम नाही. पावणीला बोली लावणाऱ्याला शेताशी देणंघेणं नाही, त्याला सुंगटं (कोळंबी) हवीत, मग दार रात्री कधी उघडायचं ते तो ठरवतो. सरकार बांधाला पैसे देतं तेव्हा बांध पक्का होतो, पण त्यावर रोज फिरून खेकड्याचं बीळ बघणारा माणूस काही अनुदानात येत नाही. त्यामुळे @कुळागरी यांचं म्हणणं अर्ध पटतं.

पणजीत_अडकलेला

खाजनात कोणी निवारा बांधायचं डोक्यात आणलं असेल तर थांबा. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं आहेत, खाजनात विकासकामाला मनाई. खारफुटी तोडायची तर वन खातं. उंचावरची जागा बघा.

साळचो_गडो

आमच्याकडे प्रश्न पावसाचा कमी, धरणाचा जास्त. तिळारीतून पाणी सोडलं की साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल सगळे खाली. 2019 च्या ऑगस्टला घरात पाणी शिरलं तेव्हा वर आभाळ तेवढं काळंही नव्हतं. अशा गावाला होडीआधी काय हवं? फोन. पाणी किती सोडणार, कधी सोडणार, इथे पोचायला किती वेळ लागणार. धरण महाराष्ट्रात, दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प, त्यामुळे निरोप किती टेबलांवरून येतो बघा.

आम्ही केलं ते एवढंच: दोडामार्गाकडच्या नातेवाइकांचा एक वॉट्सअॅप गट. तिकडे पुलाला पाणी कुठवर आलं त्याचा फोटो टाकतात. एक पैसा खर्च नाही. अनुदान मागायला कोणी सांगितलं तर मी पट्टीच मागेन, नदीत उभी करायची मोजपट्टी, आणि ती वाचणाऱ्या माणसाचं मानधन.

नदीकाठची

हे आवडलं. आमच्या वरच्या अंगाला गांजेला केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे ना? की ते आमच्या खालच्या अंगाला येतं? गावात यावर दोन मतं आहेत आणि दोघेही हट्टी.

पेडण्याचो_पात्रांव

भोंग्याचा विषय निघालाच आहे तर, 2023 ला पर्वरीत रात्री भोंगा सुरू झाला, त्सुनामी, त्सुनामी. माझा मेव्हणा तिथे राहतो. पर्वरी सड्यावर, म्हणजे पठारावर! तो म्हणतो, त्सुनामी इथवर आली तर पणजी आधीच गेली, मग पळून जायचं कुठे, म्हणून तो परत झोपला. चूक कळली तोवर शेजाऱ्यांनी गाडीत गणपतीचं मखर भरलं होतं.

उसगावची_बाई

हसून हसून पुरेवाट! मखर आधी, माणसं नंतर. अस्सल गोंयकार.

काणकोणकार

हसा, पण भोंग्याची चेष्टा 2 ऑक्टोबर 2009 पाहिलेला माणूस करणार नाही. आमच्याकडे तळपण, गालजीबाग नद्यांना काही तासांत पाणी चढलं. गांधी जयंतीची सुट्टी, पावसाळा संपला अशी समजूत. दरडी कोसळल्या, माणसं दगावली, घरं गेली.

आणि ताई, कागदपत्रांचं आत्ताच बघून ठेवा. तेव्हा ज्यांची घरं मुंडकाराची (म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत), घरपट्टी भाटकाराच्या नावाने किंवा मुळात घर नंबरच नाही, त्यांना साधा पंचनामा नावावर करून घेताना नाकी नऊ आले. तुमच्या सभामंडपाचंही तसंच होणार. देवस्थानची जमीन आहे ना? एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर कोणाचं नाव आहे? देवस्थान समितीचा ना-हरकत दाखला नसेल तर सरकारी पैशाने तिथे एक वीटही लागणार नाही.

नदीकाठची

देवस्थानचे महाजन दोन गटांत आहेत. पुढे काही लिहीत नाही.

पेडण्याचो_पात्रांव

मग पूर परवडला.

हिशेबनीस_म्हापसा

मंडळाच्या नावानेही एक वाट आहे, सरकारी नव्हे पण कायद्यातली. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या परिशिष्टात आपत्ती व्यवस्थापन हा विषय आहे, कंपन्या त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) पैशांतून खर्च करू शकतात. त्यासाठी संस्था नोंदणीकृत हवी (1860 चा कायदा, जिल्हा निबंधक), आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी हवी, आणि एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद कंपन्या मागतातच. मंडळाची पासबुकं कोणाच्या कपाटात आहेत तिथून सुरुवात करा.

खाणपट्ट्यातली गावं असतील तर जिल्हा खनिज निधीही आहे. डिचोली, सांगे, सत्तरीचा काही भाग. खाणीची माती व्हाळात येऊन तो भरला असेल तर तुमची बाजू भक्कम.

एक सूचना. अनुदान केंद्राचं असेल तर खर्च झाल्यावर यूसी (पैसे ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) द्यावी लागते, जीएफआर 12-ए नमुन्यात. ती दिली नाही तर पुढचा हप्ता बंद. एका मंडळाने जनरेटर घेतला, बिल दुकानदाराच्या पुतण्याच्या नावाने. तो जनरेटर चांगला चालतोय, पण फाइल अजून उघडी आहे.

कुळागरी

बघा. म्हणूनच म्हणतो.

चोडणकार

होडीबद्दल राहिलं. इंजिनवाली होडी घेतलीत की कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे नोंदणी, चालवणाऱ्याचा परवाना, इंजिनाची दर वर्षी सर्व्हिस. आणि पुराच्या पाण्यात, ओंडके वाहत असताना, हौशी पोराने होडी घालणं म्हणजे वाचवायच्या यादीत आणखी एक नाव. तुमच्या गावात रेती काढणारे, मासळीवाले, नदी ओळखणारे असतील. त्यांना विचारा होडी हवी की दोर. माझ्या मते दोर, टॉर्च, टायरच्या फुगवलेल्या ट्यूब आणि अंधार पडायच्या आत निघायची शिस्त यांनी तुमचं जास्त काम होईल.

उसगावची_बाई

आपदा मित्र प्रशिक्षणाबद्दल कोणीच लिहिलं नाही? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना आहे. आधीच्या तुकड्यांना 18 ते 40 वयाचे स्वयंसेवक, 12 दिवसांचं प्रशिक्षण, वर आपत्कालीन साहित्याचा संच असं होतं. तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तू त्या संचात असाव्यात. नवी तुकडी कधी घेणार ते जिल्हाधिकारी कार्यालयातच कळेल. चारपाच मुली पाठवा, मुलगे सगळे पणजीला नोकरीवर असतात, पूर येतो तेव्हा वाड्यावर बायकाच असतात.

आणि कागदावर एक यादी करा, तिला अनुदान लागत नाही: कोण अंथरुणाला खिळलेलं, कोणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, कोण बाळंतीण, कोणाला ऐकू येत नाही. आमच्या शाळेत मुलांकडून ही यादी करून घेतली. मुलांना घराघरातलं सगळं माहीत असतं, जरा जास्तच.

पणजीत_अडकलेला

अर्ज इंग्रजीतच करावा लागतो का? मराठीत दिला तर बाजूला पडतो असं म्हणतात.

अस्सल_गोंयकार

मराठीत कशाला? राजभाषा कोंकणी आसा.

पणजीत_अडकलेला

1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीचीही तरतूद आहे, वाचून या.

अस्सल_गोंयकार

वाचलां. तूंच परत वाच.

व्यवस्थापक

हा वाद दुसऱ्या धाग्यावर सुरू आहे आणि तिथेही संपणार नाही. इथे पुराबद्दल लिहा. यापुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

पेडण्याचो_पात्रांव

पूर दोन्ही भाषांत येतो म्हणून बरं.

निवृत्त_सचिव

ताईंचा प्रश्न राहिला होता, पंचायतीने ठराव घेतला नाही तर काय.

ठराव पंचायत मंडळाचा वेगळा आणि ग्रामसभेचा वेगळा. ग्रामसभेत तुम्ही स्वतः ठराव मांडू शकता. लेखी मांडा, सूचक-अनुमोदकाची नावे घालून, आणि इतिवृत्तात शब्द न् शब्द आला की नाही ते पुढच्या सभेत इतिवृत्त वाचतात तेव्हा तपासा. पुष्कळ ठराव 'यावर चर्चा झाली' एवढ्यावर मरतात.

लहान कामे थेट ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला. दर वर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास त्याची मोहीम सुरू होते आणि आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो. पंधराव्या आयोगाच्या काळात (2021 ते 2026) पंचायतींना येणारे पैसे 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले, 40 टक्के मोकळे असे होते. तुमचे सभामंडपाचे संडास पहिल्यात दाखवता येतात का ते सचिवांना विचारा, व्हाळाचा गाळ दुसऱ्यात. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2022 मध्ये आपत्ती व्यवस्थापन आराखडा काढला, त्यात गावपातळीवरही आराखडा असावा असे आहे. तुमच्या पंचायतीचा आहे का विचारा. नसेल तर तुमची यादी हाच त्याचा पहिला मसुदा.

अर्जाला जीव येतो तो पुराव्याने. 'आमचा वाडा पूरग्रस्त आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी लिहा: पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीला आले, रस्ता किती वाजता बंद झाला, किती घरे, किती म्हातारी माणसे, गाई-म्हशी किती. 2021 च्या पंचनाम्यांच्या प्रती मामलेदार कचेरीत असतील. सरळ देत नसतील तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपये आणि तीस दिवस. भिंतींवर त्या पुराची खूण अजून दिसत असेल तर रंगाने रेघ मारून ठेवा आणि फोटो काढा. अभियंता आला की त्याला आधी ती रेघ दाखवायची, मग चहा.

आणि अर्ज कधी? मे महिन्यात नको. तेव्हा सगळ्या कचेऱ्या पावसाळ्यापूर्व बैठकांत असतात आणि पैसे वाटून झालेले असतात. पाऊस ओसरला, भिंतीवर चिखल ओला आहे, तेव्हा द्या. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची आकडेमोड हिवाळ्यात होते.

चोडणकार

@निवृत्त_सचिव, शेवटचा परिच्छेद इथे कायमचा चिकटवून ठेवा. आमच्या संघाचा अर्ज दर मे महिन्यातच जातो.

साळचो_गडो

मोजपट्टी आणि वाचणाऱ्याचं मानधन कुठल्या शीर्षाखाली मागू, काका?

निवृत्त_सचिव

पट्टी पूर्वतयारीखाली मागता येईल. मानधनाला शीर्ष मिळणे कठीण, आवर्ती खर्च म्हटले की सगळे मागे सरकतात. ते पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे. ठरावातच लिहून घ्या.

काणकोणकार

इथेच सगळी गोम आहे. वस्तू द्यायला सरकार तयार, ती सांभाळायला कोणी नाही.

कुळागरी

मी पहिल्यापासून तेच म्हणतोय, फक्त माझं ऐकताना सगळ्यांना कोंबड्याच दिसल्या.

बरं, विरोध म्हणून नाही, पण मोरीचं बघा ताई. पाइप मोठा केलात आणि खालच्या शेतातली वाट अरुंदच राहिली तर पाणी तुमच्या वाड्यातून निघून खालच्या वाड्यात जाईल. त्यांचा ठराव तुमच्याविरुद्ध येईल. आधी त्यांच्याशी बोला. व्हाळ नदीला मिळतो तिथवर चालून बघा, मी सांगतो तर पावसात चाला, उन्हात काही कळत नाही.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळाच्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कोंबड्यांवर सगळ्या हसल्या, पण होडी यादीतून गेली. नदीवर जन्म काढलेल्या एका मावशीने सांगितलं, 'होडी आली की पोरं आधी सेल्फी काढायला जातील.' विषय संपला.

नवी यादी अशी ठरली. विकास आराखड्यात: व्हाळाचा गाळ, सभामंडपाचे संडास, दोन सौर दिवे. जिल्हा प्राधिकरणाकडे पंचायतीमार्फत: मोरी, आणि तीसुद्धा खालच्या वाड्याच्या सहीने. कुळागरीकाका, आमच्या दोघीतिघी पाऊस असताना व्हाळाच्या कडेने शेवटपर्यंत गेल्या. खाली भाटाच्या (बागायतीच्या) कुंपणाने वाट निम्मी केलीय, कोणाच्या ते लिहीत नाही. प्रशिक्षणाला पाच मुलींची नावं तयार आहेत. दोर, टॉर्च, मेगाफोन आम्ही स्वतःच घेणार, चतुर्थीच्या फंडातून. जनरेटरवर अजून भांडण चालू आहे, कारण डिझेल कोण भरणार याचं उत्तर कोणाकडे नाही.

एक विचारायचं होतं. 1077 ला फोन केला तर तो जिल्ह्यालाच लागतो ना? मेगाफोनवर चिकटवायचाय.

पणजीत_अडकलेला

हो, 1077 जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. 112 पण लिहा. फोनमध्ये 'सचेत' अॅप घालून ठेवा, इशारे त्यावर येतात.

पेडण्याचो_पात्रांव

चतुर्थीच्या फंडातून मेगाफोन! म्हणजे आरतीलाही तोच. सांभाळायचा प्रश्न सुटला की, भजनी मंडळाकडे द्या. वर्षभर वापरात राहील, बॅटरी कधी संपलेली नसेल.

काणकोणकार

पात्रांव, पहिल्यांदा कामाचं बोललात.

नदीकाठची

खरंच, भजनी मंडळालाच देतो. ग्रामसभा रविवारी आहे. ठराव लिहिलाय, सूचक मी, अनुमोदक खालच्या वाड्याची एक बाई. आमचे पंच म्हणतात, ठराव सभेत मांडायच्या आधी मला आणून दाखवा. दाखवू का?

निवृत्त_सचिव

दाखवा. पण प्रत देऊन पोच घ्या.